डावा कौल

माझं सगळं आयुष्य तराजू तपासण्यात गेलं. दिल्लीतल्या एका सरकारी प्रयोगशाळेत मी काम करतो. ठिकठिकाणची वजनं आमच्याकडे येतात, ती आम्ही आमच्या प्रमाण वजनाशी ताडून बघतो आणि दाखला देतो. त्या दाखल्यावर वजन किती भरलं एवढंच लिहून चालत नाही. आमच्या मोजण्यात किती चूक असू शकते, हेही एका वेगळ्या रकान्यात लिहावं लागतं. आपण कितपत चुकू शकतो हे कबूल केल्याशिवाय आमच्याकडे कागदावर सही होत नाही. धर्माशी माझं बिनसलं ते या रकान्यावरून. सत्याचा शोध म्हणता, मग चूक लिहायचा रकाना कुठे आहे, असं मी चारचौघांत विचारायचो आणि समोरचा गप्प बसला की मनातून खूश व्हायचो. ज्याला उत्तर आधीच ठाऊक आहे तो शोधतो कसला, हा माझा लाडका प्रश्न होता. तो प्रश्न आजही वाईट आहे असं मला वाटत नाही. पण विचारणारा मात्र फार शहाणा नव्हता, हे मला एका पाकळीने शिकवलं, त्याची ही हकिगत.

आम्ही मूळचे तळकोकणातले. द्वारकेतल्या आमच्या सोसायटीत, सातव्या मजल्यावर, आईचं देवघर आहे आणि त्यात गावच्या देवीची वीतभर उंचीची पितळी मूर्ती आहे. आमच्याकडे काही मोठं ठरवायचं असलं की देवीला कौल लावतात. मूर्तीच्या उजव्या आणि डाव्या अंगाला एकेक ओली पाकळी चिकटवायची, गाऱ्हाणं घालून प्रश्न विचारायचा आणि वाट बघायची. उजवी आधी पडली तर देवीचा होकार, डावी पडली तर नकार. गावच्या देवळात हे काम गुरव करतो. दिल्लीत गुरव कुठला, म्हणून बाबा करत. बाबा गेल्यावर ते माझ्याकडे आलं, कारण आईचे हात कापतात. पाकळी पडेपर्यंत आई डोळे मिटून बसते. काय पडलं ते तिला मी सांगायचं. गाऱ्हाण्याच्या शेवटी सगळ्यांनी ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं असतं, म्हणजे तू देशील ते मान्य. त्या वेळी मी हटकून खोकायचो.

गेल्या वर्षी आईच्या हृदयाची झडप खराब झाल्याचं कळलं. दोन खोल्या चालली तरी धाप लागायची. डॉक्टरांनी मला आणि माझ्या बायकोला, मेधाला, बाजूला घेऊन सांगितलं की ऑपरेशन केलं नाही तर दिवस फार नाहीत; केलं तर बरी होण्याची चांगली आशा आहे, पण या वयात टेबलावरही काही होऊ शकतं, खात्री देता येत नाही. घरी आल्यावर मी आईला यातलं अर्धंच सांगितलं. “छोटंसं ऑपरेशन आहे, आई. आजकाल रोज होतात.” ती म्हणाली, “मला कापाकापी नको.” आठवडाभर आम्ही तिची मनधरणी केली. शेवटी ती म्हणाली, “देवीला विचारूया. ती म्हणेल तसं.”

खरं सांगायचं तर मला हायसं वाटलं. आईला वळवण्यापेक्षा दोन पाकळ्या वळवणं सोपं होतं. आदल्या संध्याकाळी मी स्वयंपाकघरात एक तांब्या पालथा घातला, शेवंतीच्या पाकळ्या घेतल्या आणि चक्क प्रयोग करत बसलो. उजवीला नुसता पाण्याचा थेंब, डावीखाली बोटभर चंदनाचं गंध. दहा वेळा लावून पाहिलं, दहाही वेळा उजवी आधी पडली. मेधाने विचारलं, “हे काय चाललंय?” मी म्हटलं, “प्रॅक्टिस.” ती हसली आणि कौलासाठी देवी चिंचेने घासून लख्ख करायला घेऊन गेली.

सकाळी आईने गाऱ्हाणं घातलं. सगळ्या कुळाची नावं घेऊन, बाबांचं नाव घेताना जरा थांबून, तिने देवीला विचारलं, “हे ऑपरेशन करू ना गो आई?” मेधा आणि ती ‘व्हय म्हाराजा’ म्हणाल्या, मी खोकलो. तेवढ्यात कुकरची शिट्टी झाली म्हणून मेधा आत गेली. आई डोळे मिटून हात जोडून बसली होती. आणि माझ्या डोळ्यांदेखत डावी पाकळी, गंध लावलेली, घसरली आणि देवीच्या पायाशी पडली. उजवी जागची हलली नाही.

“काय दिलं रे देवीनं?” आईने विचारलं.

“उजवा,” मी म्हटलं. विचार करायला क्षणभरही लागला नाही. पडलेली पाकळी उचलून मी खिशात टाकली. आईच्या मिटल्या डोळ्यांतून पाणी आलं. “मग माझी काही ना नाही,” ती म्हणाली. “कधी ॲडमिट व्हायचं ते बघ.”

असं का झालं ते मला दुपारपर्यंत कळलंही होतं. मी प्रयोग केला तो मळक्या तांब्यावर, आणि मूर्ती चिंचेने घासून गुळगुळीत झालेली. वर पंखा चालू. गंध वाळलं आणि सुटलं. प्रयोगशाळेतल्या नवशिक्या पोरालाही कळेल अशी चूक. पण कारण कळून माझं समाधान झालं नाही. ॲडमिट होण्याची तारीख जवळ येत गेली तशी ती डावी पाकळी जास्तच आठवू लागली. ज्या पाकळीला काहीही कळत नाही असं मी जन्मभर म्हणत आलो, तिचं उत्तर मी बदलल्यावर मला इतकं का टोचावं? देवीने नको म्हटलं होतं आणि मी आईला तिकडेच ढकलत होतो, असं मनात यायचं. मग मी स्वतःला झापायचो. मग पुन्हा यायचं. कधी उलट वाटायचं, की खरं सांगितलं आणि ती ऑपरेशनला नाही म्हणाली, तर एका पाकळीपायी मी आई घालवली असं होईल. मूग गिळून बसण्यातच तिचं भलं आहे, असं मी ठरवून टाकलं.

ऑपरेशनच्या आदल्या दुपारी मी हॉस्पिटलच्या व्हरांड्यात बाकावर बसलो होतो. शेजारी एक म्हातारे गृहस्थ येऊन बसले. बुलंदशहरकडचे होते, त्यांची बायको त्याच मजल्यावर होती. डब्यातली पोळी आणि लोणचं त्यांनी नको म्हणता म्हणता माझ्या हातावर ठेवलं. कोण आजारी आहे, कधी ऑपरेशन आहे, हे विचारून झालं. मग अगदी सहज म्हणाले, “माताजी को सब बता दिया है ना?”

मी म्हटलं, “बस, उतना ही बताया जितना ज़रूरी था.”

त्यांनी डब्याचं झाकण लावलं. मग म्हणाले, “हमने भी अपनी अम्मा को नहीं बताया था. वो पूछती रहीं, हम कहते रहे सब ठीक है. उनसे हमारी आख़िरी बात झूठ ही रह गई, भाई साहब. चालीस साल हो गए, वो बात गले से नहीं उतरती.” एवढं बोलून ते उठले आणि बायकोकडे गेले. त्यांना माझ्या पाकळीबद्दल काहीच माहीत नव्हतं. माझ्या हातातली पोळी तशीच राहिली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा मला स्वच्छ दिसलं की मी देवीला फसवलंच नव्हतं. देवीचं मला ठाऊक नाही. मी फसवलं होतं ते डोळे मिटून माझ्यावर विसंबलेल्या बाईला.

चार वाजता भेटायची वेळ झाली. आई पलंगावर बसून खिडकीतून मेट्रोचा पूल बघत होती. मी खुर्ची ओढली आणि सगळं सांगून टाकलं. तांब्या, गंध, प्रॅक्टिस, पडलेली डावी, खिशात टाकलेली पाकळी. तिच्याकडे बघायची हिंमत नव्हती म्हणून चादरीच्या काठाशी बोलत होतो. बावन्नाव्या वर्षी माझा आवाज शाळेतल्या मुलासारखा फुटला.

ती खिडकीबाहेर बघत राहिली. पुलावरून एक गाडी गेली, मग दुसरी गेली. मग तिने विचारलं, “गंध कुठल्या पाकळीखाली लावलंस?”

“डाव्या.”

“म्हणजे ती पडू नये म्हणून?”

“हो.”

“आणि तरी तीच पडली?”

“हो, आई.”

आणि ती हसायला लागली. पदर तोंडाला लावून, धाप लागेपर्यंत हसली. नर्स धावत आली, तिला आईने हातानेच काही नाही म्हणून सांगितलं. “अरे वेड्या,” ती दम घेत म्हणाली, “तो डावा ऑपरेशनला नव्हे. तो तुझ्या गंधाला होता.”

मी म्हटलं, “पुन्हा लावू का? नीट? फुलं आणतो खालून.”

“एकच गोष्ट देवीला दोनदा विचारत नाहीत,” ती म्हणाली. हसू ओसरलं होतं. “आता डॉक्टर काय म्हणाले ते सांग. मला सांगितलंस ते नको. तुम्हा दोघांना बाजूला घेऊन काय सांगितलं, ते.”

मी सगळं सांगितलं. टेबलावर काही होऊ शकतं, हेही सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं.

“मी वाचेनच असं तो म्हणाला का?”

“नाही. म्हणाला, खात्री देता येत नाही.”

“मग माणूस खरं बोलतोय,” आई म्हणाली. “त्याला करू दे.”

ज्या रकान्यावरून मी आयुष्यभर धर्माला हिणवलं, तो माझ्या आईने एका वाक्यात भरला होता. आणि मी, रोज त्या रकान्याखाली सही करणारा, तिच्यापासून तेवढाच लपवून बसलो होतो. मला फार लाज वाटली, आणि तिचा हात हातात घेतल्यावर फार बरंही वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिला आत नेलं. जाताना तिने माझ्या गालावरून हात फिरवला आणि “खाऊन घे काहीतरी” म्हणाली. आमच्यात काही लपलेलं नव्हतं, त्यामुळे तेवढं बोलणंही पुरेसं वाटलं. मेधा माझ्या शेजारी बसून होती. त्या कित्येक तासांत मी पहिल्यांदा प्रार्थना केली. मागावं म्हटलं तर काही सुचेना. एवढंच मनात आलं, की मला माहीत नाही, माझ्या हातात नाही, आणि हे मी कबूल करतो. मग आतून कसा कोण जाणे, एक भार उतरला. आई त्या वेळी वाचेल की नाही हे मला ठाऊक नव्हतं, तरी उतरला. दुपारी डॉक्टर बाहेर आले आणि म्हणाले की सगळं नीट झालं. मी आणि मेधा दोघंही तिथेच रडलो. बुलंदशहरच्या गृहस्थांना सांगावं म्हणून मी व्हरांड्यात गेलो, तर त्यांच्या पत्नीला सकाळीच घरी सोडलं होतं. यात मी चमत्कार शोधत नाही. त्यांचं नावही विचारायचं राहिलं याची मात्र हळहळ वाटते, कारण ते वाक्य मला कोणीतरी त्याच दुपारी सांगायला हवं होतं आणि ते त्यांनी सांगितलं.

धर्म हा सत्याचा शोध आहे का, हे मी आजही छातीठोकपणे सांगू शकणार नाही. कित्येकांचा नसतो, माझ्यासारखे होकार आधी ठरवून मग गंध उगाळणारे पुष्कळ असतात. पण आईचा होता. उत्तर आपल्या मनासारखं येईलच असं नाही, हे धरूनच ती डोळे मिटत होती. शोधायला निघणाऱ्याला याहून जास्त काही लागत असेल असं मला वाटत नाही. माझ्या प्रयोगशाळेतही लागत नाही.

आता आई घरभर हिंडते, लिफ्टने खाली जाऊन सोसायटीतल्या बायकांशी मोडक्या हिंदीत भांडून येते. या हिवाळ्यात तिच्या मनाने घेतलं की देवीच्या जत्रेला गावी जायचं. डॉक्टरांची हरकत नव्हती. मी तिकिटं बघून ठेवली होती, तिने न्यायची साडी काढून ठेवली होती. “तरी देवीला विचारूया,” ती म्हणाली. मी पंखा बंद केला. दोन्ही पाकळ्यांना सारखंच पाणी लावलं, हात मागे घेतले. आईने गाऱ्हाणं घातलं आणि डोळे मिटले. उजवी पडावी असं मला फार वाटत होतं, तिच्या त्या साडीकडे बघून तर फारच. बराच वेळ दोन्ही तशाच राहिल्या. मग डावी पडली.

“काय दिलं रे?”

“डावा, आई.”

तिचा चेहरा जरा उतरला. तिने डोळे उघडले, देवीकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. ती काही म्हणायच्या आत माझ्याच तोंडून निघालं, “व्हय म्हाराजा.”