आमटीवरचे दोन भोवरे
काळ्या मसाल्याच्या आमटीचा वास आला की मला गोडादऱ्याच्या यंत्रमाग वस्तीतलं मावशीचं स्वयंपाकघर आठवतं. त्या दिवशी बाहेर लूमची खडखड, दुपारी माझा कॉलेजात सेमिनार आणि भीतीने घास उतरत नव्हता. सराव म्हणून मी मावशीलाच शिकवायला बसले. आमटीवरच्या लाल तवंगातून चमचा ओढला, तसं तेल मधून सरळ गेलं आणि दोन्ही कडांनी वळून परत आलं. "ध्रुवावर, खूप उंचावर, विद्युतभारित वायू असाच फिरतो. चमचा म्हणजे सूर्याकडून येणाऱ्या वाऱ्याचं चुंबकीय क्षेत्र. ते दक्षिणेकडे वळलं की ओढ वाढते, उत्तरेकडे वळलं की मंदावते." मावशीने माझ्या हातातला चमचा काढून घेतला. "आते तुनं ते क्षेत्र उत्तरेले फिरनं. जेवाले बस!" अजूनही वर्गात हा भाग शिकवताना मला सपाटून भूक लागते.