वाटवेकाकांचा ‘तारमास्तर’

बुधवार पेठेत, इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांच्या डोक्यावर, श्यामसुंदर वाटवे यांची व्हिडिओ लायब्ररी होती. दोन हजार दोन साल. खाली अख्खं पुणं सीडीवर गेलेलं, वर वाटवेकाका कॅसेटींवर बसून. त्याही कुणाला न आठवणाऱ्या मराठी चित्रपटांच्या. आठवड्यात उतरलेले, पेपरात चार ओळी मिळालेले, दिग्दर्शकाच्या घरच्यांनीही विसरलेले. दारावर पाटी: ‘कॅसेट परत करताना रिवाइंड करू नये. केल्यास सभासदत्व रद्द.’

आमच्या जिंतूरला रिवाइंड न करता आणली की लायब्ररीवाला ओरडायचा. म्हणून मी कारण विचारलं.

“फीत कुठं थांबलीय त्यावरून कळतं, माणसानं किती पाहिलं. अर्ध्यात सोडणाऱ्याला मी दुसरी देत नाही. आपण काय करता?”

“सॉफ्टवेअरमध्ये आहे.”

“म्हणजे कॉपी.”

मला हवा होता ‘तारमास्तर’. वडिलांनी परभणीला पाहिलेला. पाच दिवस चालला होता म्हणे. गावातलं लग्न पार पडेपर्यंत मृत्यूची तार दाबून ठेवणाऱ्या माणसाची गोष्ट. काकांच्या माहितीत तेवढी एकच प्रत उरली होती. त्यांनी ती रुमालात धरून कपाटातून काढली.

“ही नेणारे शेवटचे सभासद अकरा वर्षांपूर्वी येऊन गेले. पूर्ण पाहिला त्यांनी. तशीच ठेवलीय.”

फितीच्या कडेला पांढरी बुरशी दिसत होती. मी म्हटलं, “काका, माझ्या रूम पार्टनरकडं कॉम्प्युटर आहे. खराब व्हायच्या आत सीडीवर घेऊ या.”

“आणि फूटपाथवर विकू या.”

“हा फूटपाथवर कोण घेणार?”

“वर अपमानही करा!” त्यांनी मशीनवर फीत सुरुवातीला आणली. “आधी पाहा. पूर्ण. मग बोलू.”

कर्वेनगरच्या खोलीवर भाड्याचा व्हीसीआर आणून मी पूर्ण पाहिला. नंतर अंघोळीला गेलो आणि पार्टनरनं, म्हणजे साईनं, आयुष्यात पहिल्यांदा एक काम न सांगता केलं. रिवाइंड.

काकांनी कॅसेट खिडकीशी धरून पाहिली.

“पाहिला नाहीत. नुसती कॉपी मारलीत.”

“पाहिला हो! साईनं रिवाइंड केलं.”

“साई. सोयीचं नाव आहे. सांगा, शेवटी तार कोण वाचतं?”

“ते मला नाही सांगता येणार.”

“वाटलंच.”

“अहो, शेवटची तीन-चार मिनिटं चित्रच नाही. नुसत्या पांढऱ्या रेघा आणि खरखर.”

काकांनी माझ्याकडं खिसेकापूकडं पाहावं तसं पाहिलं. मग कॅसेट मशीनमध्ये घालून पुढं पळवली. मांडव आला, तारमास्तर आला, त्याचा हात खिशात गेला आणि पडदा पांढरा झाला. त्यांनी मागं घेऊन पुन्हा लावलं. पुन्हा पांढरा.

“अकरा वर्षं मी ही लावली नव्हती,” ते म्हणाले. “झिजेल म्हणून.” थोड्या वेळानं, माझ्याकडं न बघता, “रिवाइंड न करता ठेवली की शेवट बाहेरच्या वेढ्यात राहतो. दमट हवा आधी त्यालाच लागते.”

टोमणा मारायची एवढी चांगली संधी मी पुण्यात एकदाच सोडली.

रविवारी ते स्वतः कॅसेट घेऊन कर्वेनगरला आले. साईच्या हातात दिली नाही. व्हीसीआरच्या वायरी कॉम्प्युटरला जोडताना त्यांनी एकेकीची चौकशी केली.

“ही कशाची?”

“इंटरनेटची, काका.”

“उपटा.”

साईनं उपटली. दोन तास काका स्क्रीनकडं कमी आणि साईच्या बोटांकडं जास्त बघत बसले. मांडव आला, हात खिशात गेला, रेघा सुरू झाल्या. साई बंद करायला पुढं झाला तशी काकांनी त्याचं मनगट धरलं.

“राहू द्या. नवरीची आजी वाचते तार. तिला वाचता येतं हे गावात कुणाला माहीत नसतं. ती घडी घालते, कनवटीला लावते आणि म्हणते, ‘पंगती वाढा.’ तारमास्तर सायकल घेऊन निघतो. पाठमोरा. संगीत नाही, नुसता चेनचा आवाज.”

खरखर चालूच होती. साईनं हळूच टेबलावरचा माइक काकांकडं सरकवला. काकांनी तो उलटसुलट पाहिला.

“हे सुरू होतं?”

“नाही हो, काका. देवाशपथ.”

“मग सुरू करा,” काका म्हणाले आणि घसा खाकरून नवरीच्या आजीपासून पुन्हा सुरुवात केली.