दुरुस्तीला निधी नसतो

कणकवलीच्या कॉलेजात मी अर्थशास्त्र शिकवते. सरकारी खर्चाचा धडा आला की फळ्यावर दोन रेघा ओढते. एक नव्या कामांची, वर वर चढत जाणारी. दुसरी देखभालीची. ती अंगणात झोपलेल्या कुत्र्यासारखी, कधीमधी कान हलवते एवढंच. मुलं हसतात. सरकार कुठल्याही रंगाचं असो, पगार, पेन्शन आणि व्याज भागवून जे उरतं ते नव्या कामाला जातं, कारण नव्याची फीत कापता येते. डागडुजीची फीत कोण कापणार? हे मी वर्षानुवर्षं सांगत आले आणि शेवटी आमच्याच गावच्या व्हाळावर, म्हणजे ओढ्यावर, ते बघायची पाळी आली.

माझं सासर मालवणजवळच्या कट्टा गावापासून आत. आम्ही नवराबायको नोकरीमुळे कणकवलीत, गावची शेती एकटा धाकटा दीर बघतो. व्हाळाला लागून आमचा मळा आहे. पावसाळी भात कापलं की तिथे वायंगण व्हायचं, म्हणजे पाटाच्या पाण्यावरचं दुसरं भात. त्यासाठी घरटी एक माणूस व्हाळात उतरायचा आणि सगळे मिळून दगडमातीचा बंधारा घालायचे. मग सरकारने सिमेंटचा बांधून दिला. चांगला बांधला, खोटं कशाला बोलू? मधल्या गाळ्यांत थंडीत फळ्या घालायच्या, पावसाआधी काढायच्या, एवढंच काम. पण सरकारचा बंधारा म्हटल्यावर घरटी माणूस यायचं बंद झालं. फळ्या काढायला सरकारचा माणूस येईल म्हणून सगळे वाट बघत बसले आणि एका पावसात पुराने त्या नेल्या. नव्याचे नऊ दिवस संपले.

तेव्हापासून मळा कोरडा. यंदा मुंबईतल्या पुतण्याने, म्हणजे दिराच्या मुलाने, बापासाठी तिथल्या एका इमारतीत वॉचमनची नोकरी बघितली. दीर मला म्हणाला, "वयनी, यंदा वायंगण नाय झाला तर मी जातलंय. हय बसान काय करू?" मालवणला बाजाराला गेला तरी दुपारी जेवायला घरी पोचणारा हा माणूस. तो दुसऱ्याच्या गेटवर खुर्ची टाकून बसणार?

मी सरकारी कार्यालयात गेले. तिथला तरुण इंजिनिअर अगदी सभ्य होता. "मॅडम, फळ्यांना पैसे बसत नाहीत. दुरुस्तीला निधी नसतो," तो म्हणाला. "त्यापेक्षा खालच्या बाजूला नवीन बंधाऱ्याचा प्रस्ताव द्या, तो लवकर मंजूर होईल."

माझीच दुसरी रेघ माझ्यासमोर शर्ट घालून बसली होती. मला त्याचा राग आला नाही, आमचा आला. ही रेघ कित्येक वर्षांत हलली नाही, ती आमच्या मळ्यासाठी यंदा हलणार होती थोडीच? म्हणजे वाट बघण्यात अर्थ नव्हता. परतीच्या एसटीतच मी ठरवलं, गाळे आपणच बुजवायचे.

वाडीत फिरले तर घरोघर एकच उत्तर. "सरकारचो बंधारो, सरकार बघतला." एकाने तर नव्या बंधाऱ्याची जागाही दाखवली. मी म्हटलं, "नवो बांधतले, मगे तेच्यो फळयो कोण काढतलो? तुझो जावई?" बायका हसल्या. हसणाऱ्यांपैकी पुष्कळजणी पुढे कामाला आल्या. पण पुरुष अजून "बघूया" वरच होते.

मग दिराने काय करावं? कोणाला न विचारता बियाणं भिजत घातलं. वायंगणाचं भात मोड काढून चिखलात फोकायचं, म्हणजे हाताने विखरून पेरायचं असतं आणि मोड आले की ते कोणासाठी थांबत नाहीत. सगळ्या वाडीला हे ठाऊक. "बी भिजत घातलंय," एवढंच तो पाणंदीत भेटेल त्याला सांगत सुटला. दुसऱ्या दिवशी सकाळी व्हाळात माणसं उतरली. शेजाऱ्याचं भिजलेलं बी वाया जाऊ द्यायचं, एवढी आमची वाडी अजून वाईट झालेली नाही.

भावकीतल्या वडीलधाऱ्याने नारळ घेऊन गाऱ्हाणं घातलं. "बा देवा म्हाराजा, आज तुझी लेकरां व्हाळात उतरली आसत, तेंच्या हाताक यश दी रे म्हाराजा." "व्हय म्हाराजा," आम्ही म्हणालो. "आणि सरकाराक..." तो अडखळला, जरा विचार केला. "सरकाराक ऱ्हवांदे रे म्हाराजा." त्या दिवसातला सगळ्यात मोठा "व्हय म्हाराजा" तेव्हा झाला.

वाऱ्याने पडलेला माड चिरून फळ्या केल्या होत्या. गाळ्यात त्यांच्या दोन रांगा, मध्ये पेंढा आणि चिकणमाती तुडवून भरली. माझी कंबर मोडली, पण मी घरी गेले नाही. संध्याकाळपर्यंत पाणी तुंबू लागलं आणि दुसऱ्या दिवशी पाटाने मळ्यात शिरलं.

चिखल करून दीर मोड आलेलं भात फोकत होता. मी बांधावर बसले होते. माझ्याजवळ ठेवलेला त्याचा फोन वाजला. पुतण्या होता. तिकीट कुठल्या तारखेचं काढू, विचारत होता. मी फोन दिराच्या कानाशी धरला, त्याचे हात चिखलात होते.

"माझा काढू नको," तो म्हणाला. "तुका रजा गावली तर तुझा काढ. कापणीक माणूस व्हयो."