हरणार म्हणणारी आई

माझी लेक शाळेच्या लॅक्रॉस संघाची गोलकीपर होती. टोकाला जाळी लावलेल्या काठीने चेंडू झेलायचा, पळवायचा आणि समोरच्या गोलमध्ये मारायचा, एवढंच मला या खेळातलं कळतं. बाकी वेळ मी डोळे मिटून घेत असे, कारण तो टणक चेंडू थेट माझ्या पोरीच्या अंगावर यायचा.

बाद फेरीचे सामने ऐन उन्हाळ्यात, नदीकाठच्या मैदानावर होत. इथे जपानमध्ये शाळांची रीतच आहे की तिसऱ्या, म्हणजे शेवटच्या वर्षाच्या मुली ज्या सामन्यात हरतात, तो त्यांचा शेवटचा. दुसऱ्या दिवसापासून काठी कपाटात आणि प्रवेशपरीक्षेची पुस्तकं टेबलावर. लेक तिसऱ्या वर्षाला होती.

सामन्याआधी आम्ही आया तंबूखाली बसून निकालाचा अंदाज बांधायचो. जिचा अंदाज खरा ठरेल, तिला डब्यातली पहिली ओनिगिरी, म्हणजे भाताचा मुटका. सगळ्या जिंकणार असंच म्हणायच्या, वाद फक्त किती गोलांनी यावर. पहिल्या दिवशी माझा नंबर आला आणि मी सरळ सांगून टाकलं, हरणार. कॅप्टनच्या आईने माझ्या पेल्यात थंड चहा ओतला आणि ऊन फार आहे म्हणाली.

आता या बायकांना काय समजावणार? आमच्याकडे आधीच ‘होणार’ म्हटलं की दृष्ट लागते. माझ्या दहावीच्या निकालाच्या दिवशी आई शेजारणीला, पास झाली तरी पुष्कळ, असं सांगत होती, आणि पेढे आधीच आणून फडताळात डब्यांमागे लपवले होते. एवढं सगळं जपानीत सांगायचं म्हणजे कठीण. माझं जपानी ऑफिस आणि कचऱ्याचं वर्गीकरण यापुढे फारसं गेलेलं नाही.

नवरा बँकेतला. तो लॅपटॉपवर मागचे स्कोअर मांडून टक्केवारी काढायचा. त्याचे अंदाज हमखास चुकायचे, पण दशांश चिन्हासकट चुकायचे.

आणि आमच्या मुली जिंकल्या. पुढच्या सामन्यातही मी हरणार म्हटलं, पुन्हा जिंकल्या. त्यानंतर कॅप्टनची आई स्वतःच माझ्याशेजारी येऊन बसली आणि तिने हळूच विचारलं, आजही हरणार म्हणाल ना? अंदाज साफ चुकूनही पहिली ओनिगिरी मलाच मिळू लागली. माझा भाव असा कधी वधारला नव्हता.

उपांत्य सामन्याच्या आदल्या संध्याकाळी लेक बाल्कनीत हातमोजे वाळत घालत होती. एरवी ती मला जपानीत उत्तरं देते. त्या दिवशी मराठीत बोलली, तेव्हाच मी समजले की काहीतरी मनात आहे. सगळ्यांच्या आया जिंकणार म्हणतात, तू का नाही, असं तिने विचारलं. मी दृष्टीचं सगळं सांगितलं, पेढ्यांसकट. तिने शांतपणे ऐकून घेतलं.

“ते माहितीय मला,” ती म्हणाली. “पण गोलमध्ये मी एकटी उभी असते ना, तेव्हा तुझं हरणार मला ऐकू येतं. एकदाच जिंकणार म्हण.”

मला फार भीती वाटली. मी म्हटलं आणि ती हरली, तर तिचा शेवटचा सामना माझ्या जिभेने गेला, असंच मला जन्मभर वाटणार. पण तिच्या हातात तो ओला मोजा तसाच राहिला होता आणि ती माझ्याकडे बघत होती. बरं, म्हटलं.

दुसऱ्या दिवशी तंबूत सगळ्या माझ्या तोंडाकडे बघत होत्या. मी जपानीत सांगितलं, जिंकणार. कॅप्टनच्या आईचा पेला तोंडाशी जाता जाता थांबला. मग मी उठून तंबूबाहेर गेले आणि मैदानाकडे बघून मराठीत ओरडले, “तूच जिंकणार गं!” लेकीचं हेल्मेट आमच्या बाजूला वळलं.

एका गोलने हरल्या. मुली रांगेत उभ्या राहून आमच्यापुढे वाकल्या, तेव्हा मला मान वर करवेना. मी कॅप्टनच्या आईची माफी मागायला लागले. तिचेही डोळे भरलेले होते. तिने मान हलवली आणि डबा उघडून पहिली ओनिगिरी माझ्या हातात ठेवली.

घरी ग्योतोकुला परतताना ट्रेनमध्ये लेक गुडघ्यांत काठी धरून बसली होती. मी बोलायला नको होतं, मी म्हटलं.

“गोल मी सोडला, आई. तू नाही.” दोन स्टेशनं गेल्यावर तिने माझ्या खांद्यावर डोकं टेकलं. “ऐकू आलं मला.”

हिवाळ्यात प्रवेशपरीक्षेच्या दिवशी ती बूट घालून दारात थांबली. माझ्याकडे बघत राहिली. माझी जीभ सवयीने अडखळली.

“पास होणार,” मी म्हटलं. “पेढे केलेत. फ्रिजमध्ये समोरच ठेवलेत.”