धवला मधेच थांबला

“केस पिकलं, अक्कल कच्चीच हाय,” असं म्हणत आमच्या शेजारची आजी कपाळावर बोट आपटायची. अशी म्हातारी तुम्ही तरी पाहिलीय का? भिवंडीत आमच्या आळीत साठी उलटली की माणूस न विचारता सल्ले वाटत सुटतो. ही विचारलं तरी हात झटकायची.

लग्नघरात मात्र तिचाच शब्द चाले. ती धवलारीण. आगऱ्यांच्या लग्नात धवले गाऊन सगळे विधी तीच करायची. तिने नुसता हात वर केला की डीजेवाला मुकाट्याने भोंगे बंद करायचा. विधवेने हळदीला शिवायचं नाही, हा तिचा नेम. स्वतः विधवा, म्हणून तीही वाटीपासून हातभर लांब बसून गायची.

माझ्या बहिणीच्या हळदीला मी सकाळपासून धास्तावलो होतो. वडील आदल्या वर्षी गेलेले. आईने हळद स्वतः दळली आणि स्वयंपाकघराच्या दाराआड जाऊन उभी राहिली. बहिणीने मला बजावलं होतं, आईचा हात आधी लागला तरच हळद लावून घेईन. पण आजीला हे सांगायची माझी छाती होईना.

धवला सुरू झाला. काकू वाटी घेऊन पुढे झाली. बहिणीने तोंड फिरवलं आणि दाराकडे बघत बसली. आजीनेही तिकडे पाहिलं, आणि ती गाता गाता थांबली.

“माज्या लेकीच्या हलदीला मी अशीच भिताडाआड उभी ऱ्हायले,” ती म्हणाली. “चुकले मी. दुसऱ्यांनाबी चुकीचंच सांगितलं. ये गो बाय, पयली हलद तुजी.”

काय सांगू तुम्हाला! आईने लेकीचे गाल माखले, बायकांनी एकच गलका केला, डीजेवाल्याने कोणी न सांगता बटण दाबलं. मी तर रडत रडत नाचलो. एक आत्या फणकारली, म्हातारीला म्हातारचळ लागला म्हणून.

“लागू दे गो,” आजी हसली, “लय उशिरा लागला.”

आईने वाटी तिच्यापुढे धरली. सवयीने तिने हात मागे घेतला, मग दोन्ही हात मनगटापर्यंत माखून घेतले.

आता आजी नाही. परवा आळीत हळद होती. नवी धवलारीण गात होती आणि साऱ्या विधवा वाटीभोवती दाटीवाटीने बसल्या होत्या. हातभर लांबची ती जागा तेवढी रिकामी होती. तिथे बसायची वेळ आता कोणावर येत नाही.