कुसाबाई सांगते ती सिरीयल

कुसाबाई सिरीयल बघायला बसली की गल्लीला वाटायचं, घरात भांडण पेटलं. पडद्यावरच्या सासूनं तोंड उघडायच्या आत हिचं सुरू, "बोल, बोल! तुझ्या जिभेला काय हाड हाय का, भवाने!" शेजारची पोरं खिडकीतून खिदळायची. खिदळू देत. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगा पुण्याला कंपनीत. घरात बोलायला माणूस नाही, मग टीव्हीतल्यांना शिव्या घालायच्या नाहीत तर कुणाला घालायच्या?

आणि ही नुसती करमणूक नव्हती बरं का. पिंपळगाव बसवंतच्या एका पॅकहाऊसमध्ये ती द्राक्षं साफ करायला जायची. डोक्याला टोपी, तोंडाला मास्क, हातात बारीक कात्री. घड उचलायचा, खराब मणी काढायचे, डबा भरायचा. सीझनमध्ये ओव्हरटाइम असायचा. बाकीच्या बाया टेंपोनं आपापल्या गावी पोहोचेपर्यंत आठची सिरीयल संपून जायची. कुसाबाईचे गुडघे दुखायचे म्हणून ती ओव्हरटाइमला थांबत नसे, आणि घरही दोन गल्ल्या सोडून. त्यामुळे रात्री तिनं बघायचं आणि सकाळी द्राक्षं साफ करायच्या टेबलावर सांगायचं, अशी रीतच पडून गेली होती. सांगायची तीही साग्रसंगीत. सासूचा आवाज काढायची, नवऱ्याची ऐट करून दाखवायची. मग टेबलभर मतंच मतं. कोण चुकलं, कुणी काय करायला पाहिजे होतं, सगळ्यांना सगळं कळायचं.

सिरीयलमधल्या सुनेला ती 'गोरी' म्हणायची. त्या सकाळी तिनं सांगितलं की भर पूजेत, पाहुण्यांसमोर, नवऱ्यानं गोरीच्या कानफटात दिली आणि गोरी नेसत्या लुगड्यानिशी घराबाहेर पडली.

"एका थपडेसाठी घर सोडायचं?" संध्या म्हणाली. ही टेबलावरची शहाणी. "नवरा हाय. रागात उठतो हात. बाईनं जरा नमतं घ्यावं."

"लयच नाजूक गं बाई," दुसरी म्हणाली. "आपण काय कमी खाल्ल्या?" आणि सगळ्या हसल्या.

रोहिणी तेवढी हसली नाही. ती सायखेड्याला दिलेली, दिवाळीपासून इथं भावाकडे आलेली. नवऱ्यानं पिरगाळलेलं मनगट अजून नीट वळत नव्हतं, त्याच हातानं कात्री चालवायची. येत्या रविवारी भावाच्या घरी बैठक ठरली होती. चुलते-मामे जमणार, सायखेड्याची माणसं येणार, आणि पोरीची समजूत घालून तिला परत धाडणार. हे टेबलाला ठाऊक होतं. ठाऊक असून दात काढत होत्या सटव्या! कुसाबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

जाणारच. ती स्वतः अशीच माहेरी आली होती एकदा, लग्नानंतर लवकरच. माहेरच्यांनी साडीचोळी केली, गोडाचं जेवण घातलं आणि 'आता तेच तुझं घर' म्हणून पोहोचवून दिली. पुढं कधीतरी नवऱ्याची थप्पड अशी बसली की डावा कान कायमचा गेला. टेबलावर नवीन बाई आली की तिला सांगतात, मावशीच्या उजव्या अंगाला उभी राहा. का, ते कुणी विचारत नाही.

त्या रात्री ती टीव्हीसमोर बसली ती देव पाण्यात घालून. आणि गोरीनं काय करावं? सासूला बरं नाही असा फोन आला, तर ही बया रडत रडत परत! वर नवऱ्याच्या पायावर डोकं ठेवून म्हणते, माझंच चुकलं. कुसाबाईनं ताट सरकवलं. "अगं नालायके! तुझं काय चुकलं? गाल मधी आला ते चुकलं?" ती इतकी ओरडली की शेजारची लताबाई धावत आली.

"काय झालं?"

"काय होणार! गेली परत, मेली!"

सकाळी टेबलावर सगळ्यांचे कान तिच्याकडं. "मग, गेली का परत?" संध्यानं विचारलं. कुसाबाईनं समोर पाहिलं. रोहिणीची कात्री थांबली होती.

"कशाला जाईल?" कुसाबाई म्हणाली. "फोनवर ठणकावून सांगितलं तिनं. म्हणाली, आई आजारी असतील तर दवाखान्यात न्या, मी काय डॉक्टर नाय."

"अगं बाई!"

एकदा सुटलेली गाडी मग कशाची थांबते! टीव्हीतली गोरी रोज सासूचे पाय चेपत होती आणि टेबलावरची गोरी मसाल्याच्या कारखान्यात कामाला लागली होती. भाड्यानं खोली घेतली, गॅस घेतला, नवरा दारात आला तर त्याला उंबऱ्याबाहेरूनच वाटेला लावला. बाया आधी चरफडल्या, मग हळूहळू मतं बदलायला लागल्या. "बरं केलं, असाच पाहिजे मेल्याला," असं चक्क त्या लयच नाजूकवालीनं म्हटलं. रोहिणी काही बोलत नसे. मान खाली घालून ऐकायची, एवढंच.

शनिवारी सगळं फुटलं. आदल्या दिवशी ताप आला म्हणून संध्या घरी राहिली आणि दुपारी पुन्हा दाखवतात ते भाग तिनं एका बैठकीत बघितले. आल्या आल्या मास्क खाली ओढून म्हणाली, "कोणता मसाल्याचा कारखाना गं, कुसाबाई? ती तर नवऱ्याच्या पाया पडून कवाच परत आलीये. सासूनं बांगड्या घातल्या तिला. काय सुखात हाय आता!"

टेबलावर एकच कालवा. लबाड म्हणाल्या, आम्हाला येड्यात काढलं म्हणाल्या. आणि संध्या रोहिणीकडं बघून म्हणाली, "बघ, शेवटी गोडच होतं सगळं."

"हो, खोटं सांगितलं!" कुसाबाईनं कात्री आपटली. "रोज सांगितलं! खरं सांगण्यासारखं त्यात होतं काय? मार खाल्ला तिनं आणि माफी मागितली तिनं! तुम्हाला गोड लागतं? माझा कान गेला, मला नाय लागत!"

सुपरवायझर धावत आला तेव्हा कुठं कात्र्या पुन्हा चालू झाल्या. रोहिणीनं दिवसभर मान वर केली नाही, सुटी झाल्यावर थांबलीही नाही. कुसाबाईचा जीव टांगणीला लागला. उद्या पोर मान डोलावणार, परवा सायखेड्याला जाणार, आणि संध्या म्हणणार, बघा, मी म्हणत नव्हते? रविवारी रात्री तिनं टीव्ही लावलाच नाही.

सोमवारी गेटवर रोहिणी उभी होती. पायाशी कपड्यांची पिशवी.

"निघालीस?" कुसाबाईनं पिशवीकडं बोट केलं. "सायखेड्याला?"

"नाय. सगळ्यांसमोर सांगितलं, जाणार नाय. तर दादा म्हणाला, मग इथंबी राहू नको."

कुसाबाईनं भावाचा सात पिढ्यांसकट उद्धार केला. वॉचमन बघतच राहिला. मग तिच्या ध्यानात आलं. टेबलावर गोरीला खोली एका वाक्यात मिळाली होती. इथं पिंपळगावात नवरा सोडलेल्या पोरीला कोण देणार होतं खोली? तिनं कमरेची किल्ली सोडून रोहिणीच्या हातावर आपटली.

"आधी पिशवी ठेवून ये घरी. पण एक सांग, शनिवारी ते सगळं ऐकून तुला काय वाटलं गं? मावशीनं फसवलं?"

"मला पहिल्याच दिवशी ठाऊक होतं, मावशी. वहिनी रोज ताट वाढताना सांगायची, बघ, टीव्हीतली ती सून कशी गेली परत."

"मग बोलली का नाहीस, कार्टे? तोंडाला कुलूप लागलं होतं?"

"बोलले असते," रोहिणी म्हणाली, "तर तुम्ही खरं सांगायला लागला असता."