पाठीतून कापलेला कोट

कोरमंगलातल्या आमच्या इमारतीत खालच्या मजल्यावर राहणारी ती मुलगी बोलताना माणसाच्या चेहऱ्याकडे बघत नाही, खांद्यांकडे बघते. पुरुषांचे जुन्या धाटणीचे कोट नव्याने बेतणं हा तिचा धंदा. एखाद्याला एकच बाही असते, एखाद्याचं अस्तर बाहेर असतं. ती सीमेवरच्या निपाणीची, त्यामुळे केवढीही उलथापालथ तिच्या कानडी वळणाच्या बोलण्यात ‘स्वल्प बदल’ असते.

लेकीच्या साखरपुड्याला मी माझ्या लग्नातलाच कोट घालणार, असं सगळ्यांना सांगून बसलो होतो. त्या सकाळी तो चार इंच कमी पडला. मी दोनदा मोजून पाहिलं.

“कोट आटला म्हणा, दुसरं काय!” असं म्हणत बायकोने त्या मुलीला वर बोलावलं.

“काका, श्वास सोडा. हात वर.”

मी हात वर केले आणि पाठीमागे कात्री वाजली. कॉलरपासून खालपर्यंत तिने कोट उभा कापला होता.

“अगं, विचारायचंस तरी!”

“विचारलं की लोक नको म्हणतात, काका.”

तासाभरात पाठीला बायकोच्या जुन्या इरकलीचा लाल पट्टा जोडला गेला आणि पुढची बटणं लागली.

कार्यालयात व्याही माझ्याभोवती दोनदा फिरले. आता हसं होणार, म्हणून मी मान खाली घातली. त्यांच्या स्वतःच्या कोटाचं बटण कसंबसं तग धरून होतं. ते माझ्या कानाशी आले. “हे कुणी केलं हो? मला सकाळपासून नीट श्वास घेता येत नाहीये.”

मी तिला शोधलं. हातात ताट धरून ती कधीपासून त्यांच्या पाठीकडे बघत उभी होती.